टॉवर किती लांब आहे ते सोडा, घरात किती पोचतंय ते मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर दोन वर्षांपूर्वी मोबाइलचा टॉवर आला. तुमच्या खिडकीपासून तो अंदाजे ६० मीटरवर आहे. त्यानंतर आईला डोकेदुखी आणि झोप न लागण्याचा त्रास सुरू झाला. त्याच सुमारास तुमच्या इमारतीत दोघांना कर्करोग निघाला, एका गृहस्थांना आतड्याचा आणि एका बाईंना स्तनाचा. संशोधन नेमकं काय सांगतं आणि घर सोडावं का, असं तुम्ही विचारलं आहे.

घर सोडू नका. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं उत्तर लांबलचक आहे. त्यात काही ठिकाणी मी टॉवरवाल्यांची बाजू घेतोय असं वाटेल, तर काही ठिकाणी त्यांच्या विरोधात बोलतोय असं.

माझं काम रेडिओलहरी मोजण्याचं. बावीस वर्षं मीटर आणि तिपाई घेऊन लोकांच्या गच्च्या, बाल्कन्या आणि जिने पालथे घालतोय. मी डॉक्टर नाही, त्यामुळे आईच्या डोकेदुखीचं निदान माझ्याकडे मागू नका. पण आरोग्याच्या अभ्यासांमध्ये लहरी मोजल्या कशा, हे मला कळतं. या विषयातला निम्म्याहून जास्त गोंधळ तिथेच आहे. लोक अंतर विचारतात, अभ्यासकही बऱ्याचदा अंतरच धरतात, आणि अंतरावरून शरीरापर्यंत किती पोचतं ते कळत नाही.

सुरुवातीच्या वर्षांत मीही याच चुकीत होतो. एका अहवालात ‘टॉवर १५० मीटरवर आहे, काळजीचं कारण नाही’ असं न मोजताच लिहून मोकळा झालो होतो. वरिष्ठांनी कागद परत केला आणि मोजायला पाठवलं. टॉवरच्या अगदी पायथ्याशी असलेल्या तळमजल्यावरच्या घरात मीटर जेमतेम हलला. दीडशे मीटरवरच्या सहाव्या मजल्यावरच्या खोलीत मात्र त्याच्या कितीतरी पट आकडा आला. दोन्ही आकडे मर्यादेच्या फार खाली होते, म्हणून माझा निष्कर्ष टिकला. पण तो नशिबाने टिकला होता.

असं होतं कारण टॉवरवर लावलेल्या उभ्या, चपट्या अँटेना बॅटरीच्या झोतासारख्या असतात. त्यांचा झोत आडवा बराच पसरतो, पण उभ्या दिशेत तो फक्त काही अंशांचा असतो आणि किंचित खाली झुकवलेला असतो. हा मुख्य झोत जमिनीला टेकतो तो साधारण ५० ते ३०० मीटर पुढे. दिव्याखाली अंधार ही म्हण इथे शब्दशः लागू पडते. टॉवर ज्या इमारतीवर आहे तिथल्या वरच्या मजल्यावरचे लोक सगळ्यात जास्त घाबरलेले असतात, आणि गच्चीचा स्लॅब व झोताची दिशा यांमुळे बहुतेक वेळा त्यांच्याकडेच सगळ्यात कमी भरतं.

आता तुमच्या खिडकीचा हिशेब मांडू, आणि मुद्दाम वाईटात वाईट परिस्थिती धरू. एका बँडला, म्हणजे लहरींच्या एका पट्ट्याला, २० वॅट, अँटेनाने झोत एकवटल्यामुळे त्याच्या पन्नासपट परिणाम, आणि झोत थेट तुमच्या खिडकीवर. म्हणजे १००० वॅटचा दिवा चहूकडे सारखा पेटवल्यासारखं. ६० मीटर त्रिज्येच्या गोलाच्या पृष्ठभागावर ते वाटलं की प्रत्येक चौरस मीटरला सुमारे २२ मिलिवॅट येतात. अशा लहरींपासून संरक्षणाच्या मर्यादा सुचवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने, म्हणजे आयसीएनआयआरपीने, सामान्य लोकांसाठी ९०० मेगाहर्ट्झला घातलेली मर्यादा आहे ४.५ वॅट, म्हणजे ४५०० मिलिवॅट. आपला आकडा तिच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास. समजा पाच बँड आहेत आणि प्रत्येकाची ताकद चौपट आहे, तरी दहा टक्के. वरच्या बँडांची मर्यादा आणखी जास्त असल्यामुळे खरं तर त्याहून कमीच. भिंतीच्या आत आणखी घट होते. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये वेगवेगळ्या सर्वेक्षणांवरून सांगितलेला पल्ला मर्यादेच्या ०.००२ ते २ टक्के असा होता, आणि माझ्या मीटरलाही लोकांच्या घरांमध्ये यापेक्षा वेगळं फारसं सापडलेलं नाही.

‘पण ती मर्यादाच कोणी ठरवली?’ हा प्रश्न रास्त आहे. प्राण्यांवरच्या प्रयोगांत शरीराच्या दर किलोमागे ४ वॅट शोषले गेले की शरीराचं तापमान साधारण एक अंशाने वाढतं आणि वागण्यात फरक दिसू लागतो. त्याचा दहावा भाग कामगारांसाठी आणि पन्नासावा भाग, म्हणजे ०.०८ वॅट, सर्वसामान्यांसाठी. १९९८ ची ही चौकट २०२० मध्ये सुधारली गेली, पण पाया तोच राहिला, उष्णतेचा. टीकाकार म्हणतात की ही मर्यादा शरीर तापण्यापासून वाचवते, वर्षानुवर्षं मंद लहरींमध्ये राहण्याबद्दल ती काही बोलत नाही. हा आक्षेप मला निरर्थक वाटत नाही. भौतिकशास्त्र मात्र त्याच्या बाजूने फारसं नाही. ९०० मेगाहर्ट्झच्या एका फोटॉनची, म्हणजे लहरीच्या सगळ्यात छोट्या पुडीची, ऊर्जा रेणूतला इलेक्ट्रॉन उडवायला लागणाऱ्या ऊर्जेच्या जवळजवळ तीस लाखांश भरते, त्यामुळे क्ष-किरणांसारखी डीएनएची थेट मोडतोड संभवत नाही. तरीही ‘संभवत नाही’ एवढ्यावर विषय मिटवायचा नसतो, माणसांमध्ये बघावं लागतं.

इथे अभ्यास सुरू होतात. तुम्हाला जे लेख पुढे ढकलून आले असतील त्यांपैकी बहुतेक जर्मनीतल्या नाइला गावापाशी जाऊन थांबतात. तिथल्या डॉक्टरांनी २००४ मध्ये सुमारे हजार रुग्णांच्या दहा वर्षांच्या नोंदी काढल्या आणि टॉवरपासून ४०० मीटरच्या आत राहणाऱ्यांमध्ये कर्करोगाचं प्रमाण जास्त असल्याचं मांडलं. त्या डॉक्टरांच्या हेतूबद्दल मला शंका नाही, आपल्याच रुग्णांची काळजी वाटून त्यांनी हे केलं. पण एकूण कर्करोगाचे रुग्ण तीन-साडेतीन डझनांच्या आत. त्यांना दोन गटांत वाटलं की चार-पाच माणसं इकडची तिकडे झाल्यावर निष्कर्ष पालटतो. कोण सिगारेट ओढत होतं याचा हिशेब नाही, घरोघरी मोजमाप नाही, आणि ४०० मीटरचं वर्तुळ हेच मात्रेचं माप. माझ्या त्या जुन्या अहवालातली चूकच, फक्त उलट दिशेची.

अंतर किती फसवं असतं हे स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या गटाने छान दाखवलं. त्यांनी १६६ लोकांच्या अंगावर आठवडाभर छोटे मीटर दिले आणि नोंदींची तुलना त्यांच्या घरापासून टॉवरच्या अंतराशी केली. अंतरावरून प्रत्यक्ष मात्रेचा अंदाज बांधता येईना. सरासरी भरली चौरस मीटरला ०.१३ मिलिवॅट. त्यात टॉवरचा वाटा साधारण ३२ टक्के, मोबाइल फोनचा २९ टक्के आणि घरातल्या कॉर्डलेस फोनचा २३ टक्के. स्वतःच्या कानाला लावलेला फोन हा मीटर नीट पकडत नाही, म्हणजे फोनचा खरा वाटा याहून मोठा. हे वाचल्यापासून घरात शिरलो की मी आधी उशाशी काय आहे ते बघतो, खिडकीकडे नंतर जातो.

मग अंतराच्या पुढे जाऊन कोणी पाहिलंच नाही का? पाहिलं आहे, आणि माझ्या मते या विषयातला सगळ्यात उपयोगी अभ्यास तोच. २०१० मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या या कामात ब्रिटनमधल्या चार वर्षांपर्यंतच्या १३९७ कर्करोगग्रस्त मुलांची तुलना ५५८८ इतर मुलांशी केली गेली. मुलाच्या जन्माच्या वेळी नोंदवलेल्या पत्त्यावर, आई गरोदर असतानाच्या काळात, जवळच्या टॉवरची शक्ती किती पोचत असेल, याचं गणित मांडलं. अंतर, एकूण शक्ती आणि पत्त्यावर पोचणारी शक्ती अशा तिन्ही बाजूंनी पाहिलं. रक्ताचा कर्करोग, मेंदूच्या गाठी, कशाशीच संबंध दिसला नाही. कुणाला फोन करून ‘तुमच्या घराजवळ टॉवर होता का’ असं विचारलेलं नव्हतं, सगळं नोंदवह्यांतून घेतलं होतं. हे महत्त्वाचं, कारण आजारी माणूस आणि त्याचे नातेवाईक कारण शोधत असतात. त्यांना टॉवर जास्त आठवतो.

आता तुमच्या शेजाऱ्यांबद्दल. जगभरात साधारण पाचांतल्या एकाला आयुष्यात कधी ना कधी कर्करोग होतो. तुमच्या इमारतीत दीडशे माणसं असतील तर या जागतिक सरासरीने त्यांतल्या तिसेक जणांना तो केव्हातरी होणार, टॉवर असो वा नसो. आतड्याची किंवा स्तनाची गाठ हाताला किंवा तपासणीत सापडेपर्यंत बहुधा कित्येक वर्षं वाढत असते. दोन वर्षांपूर्वीचा टॉवर तिचं मूळ असणं वेळेच्या हिशेबातही बसत नाही. शिवाय दोन निराळ्या अवयवांचे, निराळ्या कारणांचे आजार. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. हे त्या दोन्ही घरांत जाऊन सांगू नका. तिथे याचा कुणाला उपयोग नाही.

आईच्या डोकेदुखीकडे वळतो. या लक्षणांवरचं संशोधन खूप आहे आणि त्यात एक गोष्ट मला फार शिकवून गेली. २००३ मध्ये नेदरलँड्समधल्या टीएनओ या संस्थेने प्रयोग केला. लोकांना खोलीत बसवलं आणि टॉवरसारखे सिग्नल चालू-बंद केले. केव्हा चालू आहे हे ना बसणाऱ्याला माहीत, ना प्रयोग करणाऱ्याला. थ्रीजीचा सिग्नल चालू असताना लोकांना बरं वाटण्याचं प्रमाण घटलं! मीटरला आयुष्य वाहिलेल्या आम्हा लोकांची तेव्हा चांगलीच धावपळ झाली. मग झुरिकमध्ये २००६ साली तोच प्रयोग आणखी काटेकोरपणे केला गेला. ११७ लोक, पहिल्या ताकदीवर आणि तिच्या दसपट विद्युतक्षेत्रावरही. परिणाम दिसला नाही. एकच अभ्यास हातात धरून सुतावरून स्वर्ग गाठायचा नाही हे मी तेव्हा शिकलो, आणि हे भीती घालणाऱ्या अभ्यासाला जितकं लागू आहे तितकंच दिलासा देणाऱ्यालाही.

पुढच्या वर्षी एसेक्स विद्यापीठाचा प्रयोग आला. ज्यांना ‘टॉवरने त्रास होतो’ अशी खात्री होती त्यांना सिग्नल चालू आहे असं सांगून चालू केल्यावर त्रास झाला. न सांगता केल्यावर चालू आणि बंद यांत फरक पडला नाही. असे ४६ दुहेरी-अंध (दोन्ही बाजूंना चालू-बंद माहीत नसलेले) प्रयोग, ११७५ माणसं, यांचा एकत्रित आढावा २०१० मध्ये निघाला. लहरी चालू आहेत की बंद हे ओळखणं किंवा त्यानुसार त्रास होणं, यातलं काहीही भक्कमपणे सिद्ध झालं नाही.

याचा अर्थ आई खोटं बोलते असा मुळीच नाही. एसेक्सच्या त्या खोलीत लोकांचं डोकं खरंच दुखत होतं. धास्तीने झोप उडते, झोप उडाली की डोकं दुखतं, डोकं दुखलं की नजर पुन्हा खिडकीबाहेर जाते. हे चक्र खरं आहे. पण साठ मीटरवरच्या अँटेनाला दोष देत बसलात तर रक्तदाब, चष्म्याचा नंबर, मानेचे मणके, थायरॉइड यांतलं काही तपासायचं राहून जातं. मी अशी घरं पाहिली आहेत.

एका घराची गोष्ट सांगतो. टॉवरच्या भीतीने त्यांनी बेडरूमच्या खिडक्यांना बारीक धातूची जाळी लावून घेतली, एका भिंतीला महागडा रंगही दिला. बाहेरच्या लहरी खरोखर कमी झाल्या होत्या. पण आत रेंज एका दांडीवर आली होती आणि घरातली चारही माणसं त्याच खोलीत पडून फोनवर बोलायची. फोन आपली ताकद रेंजप्रमाणे बदलतो. टॉवर जवळ असला की अगदी दबक्या आवाजात बोलतो, लांब असला की ओरडतो. फोरजी फोन जास्तीत जास्त ०.२ वॅटपर्यंत जातो, आणि तो डोक्यापासून एखाद्या सेंटिमीटरवर असतो. पूर्ण ताकदीवर डोक्याच्या त्या बाजूला किलोमागे अर्धा वॅट शोषला जाणं अगदी नेहमीचं. तुमच्या खिडकीतले ते २२ मिलिवॅट शरीरात किलोमागे साधारण ०.०००४ वॅट घालतात. एक मोजमाप डोक्याच्या छोट्या भागाचं, दुसरं पूर्ण शरीराचं, त्यामुळे तुलना तंतोतंत नाही, पण फरक हजारपटीचा आहे. त्या कुटुंबाने पैसे खर्चून स्वतःच्या डोक्यातली मात्रा वाढवून घेतली होती. टॉवर हटवण्याच्या मोहिमांना मी कधी सही देत नाही त्याचं हेच कारण.

इथवर वाचून मी सगळंच झटकून टाकतोय असं वाटत असेल, तर उंदरांचे अभ्यास बघा. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने २०१८ मध्ये मोठ्या उंदरांवरच्या प्रयोगाचे निकाल दिले. रोज नऊ तास, दोन वर्षांपर्यंत, पूर्ण शरीराला किलोमागे ६ वॅटपर्यंत, म्हणजे लोकांसाठीच्या मर्यादेच्या ७५ पट. नर उंदरांच्या हृदयात मज्जातंतूंच्या आवरणाच्या गाठी वाढल्याचा ‘स्पष्ट पुरावा’ त्यांनी नोंदवला. विचित्र गोष्ट अशी की लहरींत ठेवलेले नर उंदीर न ठेवलेल्यांपेक्षा जास्त जगले. त्याच वर्षी इटलीतल्या बोलोन्याच्या रामाझ्झिनी संस्थेने खास टॉवरसारख्या सिग्नलचा प्रयोग छापला. २४४८ उंदीर, रोज १९ तास, मरेपर्यंत. सगळ्यात जोरदार गटात, म्हणजे विद्युतक्षेत्र दर मीटर लांबीला ५० व्होल्ट, नरांमध्ये त्याच प्रकारच्या गाठी वाढल्या. पाच आणि पंचवीस व्होल्टच्या गटांत हृदयाच्या गाठींची ठोस वाढ नव्हती. तुमच्या खिडकीचा आकडा या मापात तीन व्होल्टच्या आत बसतो.

टॉवरवाले इथे ‘उंदरांना भरमसाट लहरी दिल्या’ म्हणून हात झटकतात. अमेरिकन प्रयोगाबद्दल ते खरं आहे. इटलीतल्या प्रयोगाबद्दल नाही. १८०० मेगाहर्ट्झची मर्यादा मीटरला ५८ व्होल्टच्या आसपास येते, म्हणजे ५० व्होल्ट मर्यादेच्या आतले आहेत. दोन वेगळ्या प्रयोगशाळांत, एकाच जातीच्या गाठी, एकाच लिंगात. मला हे खटकतं, आणि खटकायलाच हवं. जागतिक आरोग्य संघटनेसाठी २०२५ मध्ये झालेल्या आढाव्यानेही नर उंदरांमधल्या हृदयाच्या गाठींचा पुरावा भक्कम दर्जाचा ठरवला. मात्र त्याच मालिकेतल्या २०२४ च्या आढाव्यात माणसांवरच्या ६३ अभ्यासांची छाननी झाली आणि फोन वापरण्याचा मेंदूच्या कर्करोगाशी किंवा टॉवर व प्रक्षेपण केंद्रांचा मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाशी संबंध दिसला नाही. उंदरात दिसतं ते माणसात दिसत नाही, याचा समाधानकारक खुलासा अजून झालेला नाही.

२०११ ची ‘२-ब’ वर्गवारीही इथेच येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या ल्यों इथल्या कर्करोग संशोधन संस्थेने रेडिओलहरी ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात टाकल्या. ‘त्याच यादीत लोणचंही आहे’ हा विनोद मला आवडत नाही, आळशी माणसाचं उत्तर आहे ते. त्या निर्णयात खरं वाचण्यासारखं असं की तो कानाला लावायच्या फोनच्या मर्यादित पुराव्यावर उभा होता. टॉवरसारख्या आसपासच्या स्रोतांबद्दलचा पुरावा त्याच तज्ज्ञांनी अपुरा म्हटला. फोनच्या बाबतीतही २०१० च्या तेरा देशांच्या इंटरफोन अभ्यासात सगळ्यात जास्त, म्हणजे १६४० तासांहून अधिक बोललेल्या गटात मेंदूच्या ग्लायोमा गाठींचा धोका चाळीस टक्के जास्त दिसला होता, आणि सर्वसाधारण वापर करणाऱ्यांत तो चक्क कमी! फोनने संरक्षण होतं असं कोणीच मानत नाही. लोकांच्या आठवणीवर आणि कोण भाग घेतो यावर विसंबलं की असे आकडे निघतात. नंतर अडीच लाखांहून अधिक लोकांना आधीपासून नोंदवून त्यांच्यावर लक्ष ठेवणाऱ्या युरोपातल्या कॉसमॉस अभ्यासात, २०२४ मध्ये, ती वाढ दिसली नाही.

फाइव्हजीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण कोणीतरी विचारेलच. ३.५ गिगाहर्ट्झच्या लहरी जुन्यांच्याच जवळच्या नातलग. २६ गिगाहर्ट्झच्या लहरी त्वचेत मिलिमीटरभरही शिरत नाहीत, मात्र त्यांच्यावरचे दीर्घकाळचे अभ्यास कमी आहेत.

काळजी घ्यायची खरी जागा एकच, अँटेनाच्या तोंडासमोरची. वरचाच हिशेब १० मीटरवर केला तर चौरस मीटरला ८०० मिलिवॅट येतात, आणि तीन-चार मीटरवर मर्यादा ओलांडली जाते. गच्चीवर टाकी साफ करणारे, वॉटरप्रूफिंग करणारे, डिश लावणारे लोक बिनदिक्कत अँटेनासमोर उभे राहतात. मला रात्री झोप येत नाही ती त्यांच्यासाठी. तुमच्या समोरच्या इमारतीला विचारा की अँटेनाभोवती कठडा आणि फलक आहे का, आणि दुरुस्तीच्या वेळी ती बंद करतात का.

बाकी, मनाला चैन पडत नसेल तर मोजून घ्या. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त डब्या नकोत, त्या वायफायच्या एका ठिणगीलाही सायरन वाजवतात. बँडवार मोजणारा मीटर असलेला माणूस बोलवा. लोक फोन जास्त वापरतात अशा संध्याकाळच्या वेळी, आईच्या उशापाशी, खिडकी उघडी आणि बंद अशा दोन्ही वेळा, घरातले फोन विमान मोडवर टाकून, आणि एका क्षणाचा उच्चांक न घेता काही मिनिटांची सरासरी. मग त्याच ठिकाणी फोन चालू करून परत एकदा, गंमत म्हणून.

आलेला आकडा इथे टाकलात तर मी बघेन. फक्त एकक पूर्ण लिहा. चौरस सेंटिमीटरला १ मायक्रोवॅट म्हणजे चौरस मीटरला १०,००० मायक्रोवॅट. मात्रा तीच, पण दुसऱ्या तऱ्हेने लिहिली की घरातले सगळे रात्रभर जागे राहतात.